तुला ठाऊकच आहे

माझ्याकडे दर वर्षी एम.ए.ची मुलं प्रबंधाचे कच्चे खर्डे घेऊन येतात. मानसशास्त्रातलं गुणात्मक संशोधन, म्हणजे माणसांशी बसून बोलायचं, बोलणं टेप करायचं, उतरवून काढायचं आणि मग त्याचा अर्थ लावत बसायचं. त्यात एक पान संशोधकाने स्वतःबद्दल लिहायचं असतं. आपण कोण, कुठले, समोरच्या माणसाने आपल्याला कोण समजून ही उत्तरं दिली. बहुतेक मुलं ते पान सगळ्यात शेवटी, उरकायचं म्हणून लिहितात. "मी त्याच वस्तीतली असल्यामुळे स्त्रिया माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या." हे वाक्य दिसलं की मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि समासात लिहिते, "तुला काय सांगितलं नाही?" मुलांना वाटतं बाई खडूस आहेत. वाटू दे. ते वाक्य मीही लिहिलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत.

माझा विषय होता गिरणी संपानंतरची वर्षं बायकांनी कशी काढली आणि आता त्या त्याबद्दल कसं बोलतात. तेव्हा संपाला बरीच वर्षं लोटली होती. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, करी रोडला पहिले उंच टॉवर उभे राहत होते. माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे, ते जाऊन काही वर्षं झाली होती. मी एकुलती. लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होते आणि आई चाळीत, दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाच्या खोलीत, एकटी.

विषय मी निवडला त्याचं खरं कारण आई होती. त्या वर्षी तिने जेवण सोडलं. रुसून नाही आणि उपास म्हणूनही नाही. रोज थोडं कमी करत गेली. आधी रात्रीचं गेलं, मग दुपारचं अर्ध्यावर आलं. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी पिना लावायला लागली. परळच्या मोठ्या इस्पितळात मी तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट चांगले आले. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, घरात काही टेन्शन आहे का?"

आई म्हणाली, "घरात मी एकटीच. टेन्शन देणार कोण?"

त्याने गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मानसोपचाराच्या ओपीडीत जा म्हणाला. आई जिन्यापर्यंत आली आणि तिथून परत फिरली. मी मानसशास्त्राची पदवी घेतलेली बाई, आणि माझी आई माझ्यासमोर वाळत होती. मी दिवसाआड बसने डबा नेत असे. पुढच्या वेळी डबा घासून पालथा घातलेला असायचा. मला वाटायचं, चला, पोटात गेलं. मग एक दिवस मोरी तुंबली. जाळी काढली तर खाली भात. मी आणलेला.

"हे काय?"

"सांडला असेल."

"एवढा?"

"तू जेवलीस का?" आईने विचारलं. तिला काहीही विचारलं की हाच उलट प्रश्न यायचा.

माझ्याकडे चल म्हटलं तर खोली सोडायला तयार नाही. चाळीत कोणाकडे जाऊन बस म्हटलं तर "मला कुठे वेळ आहे". दिवसभर खाटेवर बसून असायची. मला एवढं कळत होतं की हे आजचं नाही, संपाच्या वर्षांतलं काहीतरी आहे, कारण तो विषय निघाला की ती उठून मोरीत जायची. ती बोलणार नव्हती. म्हणून मी ठरवलं की चाळीतल्या बायकांना बोलतं करायचं. प्रबंधही होईल आणि आईला कशाने धरलंय तेही कळेल. कळलं की उपाय करता येईल. मी उपायवाली बाई आहे, नुसतं कळून मला पुरत नाही.

पहिली मुलाखत घेतली ती खानावळवाल्या काकूंची. जिन्याला लागूनच त्यांची खोली. त्यांच्या गावचे, म्हणजे मालवणकडचे एकटे राहणारे गिरणीवाले दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवायचे. संपात ते सगळे गावी गेले आणि खानावळ बसली. काकूंनी मला पाहताच जवळ ओढलं.

"काय गो, बारीक झालीस. नवरा जेवायला घालत नाय काय? बस. आधी चाय घे, मग तुझं ते मशीन लाव."

मी मशीन लावलं. काकू भरभरून बोलल्या. भांडी कशी विकली, काका नाक्यावर भाजी घेऊन कसे बसले, मोठ्या मुलीची शाळा कशी सुटली. मध्येच थांबून म्हणायच्या, "तुला काय सांगायचं, तुला ठाऊकच आहे." चाळीतल्या इतर बायकांच्या मुलाखतींतही तेच. मजल्यावर सगळे कसे एकमेकांना धरून होते, कोणाच्या घरी चूल पेटली नाही तर दुसरीकडून कसं यायचं, "तुझी आई तर काय, देवमाणूस," आणि पुन्हा "तुला ठाऊकच आहे". मी मान डोलवायची. मला ते वाक्य फार आवडलं होतं. परक्या संशोधकाला असं कोण म्हणेल?

आणि खरंच मला ठाऊक होतं. संपाच्या वर्षी मी चौथीत होते. वडील भातलावणीला गावी गेले होते आणि तिथेच राहिले. निम्मी चाळ गावी गेली होती, त्यात विशेष काही नव्हतं. त्या दिवसांत मी एकदाही उपाशी झोपले नाही. रोज कोणीतरी हाक मारायचं. काकू तर ताट वाढूनच बोलवायच्या. आई दारापर्यंत यायची, आत यायची नाही. काकूंकडे न बघता मला विचारायची, "जेवलीस का?" मी हो म्हटलं की परत जायची. माझं भरलेलं ताट मला इतकं स्पष्ट आठवत होतं की मी ते प्रबंधात पुरावा म्हणून घातलं. या मजल्यावर फूट पडली नव्हती, कारण मी जेवले होते.

आमच्या मार्गदर्शक बाईंना ते पटलं नाही. "सगळ्याच जणी इतक्या गोड बोलतात?" त्यांनी विचारलं. त्यांनी एक गोष्ट करायला लावली, जी मला तेव्हा निव्वळ वेळ घालवणं वाटलं. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी होती, दादरची, जाड चष्मा लावणारी, वडील बँकेत. तिने त्याच बायकांशी पुन्हा, माझ्याशिवाय बोलायचं. मी तिला हसून म्हटलं, "तुला साचा म्हणजे काय तेही ठाऊक नाही, तू विचारणार काय?"

"तेच विचारीन, साचा म्हणजे काय," ती म्हणाली.

आठवडाभर ती लालबागला गेली. नंतर विभागात भेटली तेव्हा माझ्याकडे नीट बघेना. शेवटी म्हणाली, "एक सांगू? तुझ्या चाळीतल्या मुलाखती तू विश्लेषणाला घेऊ नकोस."

"का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"टेप दे, मी ऐकते."

"देता येणार नाही. ज्या बोलल्या त्यांनी अट घातली होती."

तिचं बरोबर होतं. सांगणाऱ्याने एखाद्यापासून लपवायला सांगितलं तर लपवायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. आज माझ्या विद्यार्थ्याने तो मोडला तर मी त्याला ठेवणार नाही. पण त्या दिवशी मी तिच्यामागे लागले. विभागात, जिन्यात, दादरला तिच्या घराच्या फाटकापर्यंत. मी तिला सांगितलं की माझी आई खात नाही. सांगितलं की आता तिला चालताना भिंत धरावी लागते. नाव पुसून दे, आवाज नको, नुसतं काय म्हणाल्या तेवढं सांग. ती फाटकाची कडी हातात धरून उभी होती आणि रडत होती. मी रडत नव्हते. मला राग आला होता की हिला रडायला काय झालं, आई माझी आहे.

"मी तुला एवढंच सांगू शकते," ती म्हणाली, "की तू तुझ्याच टेप पुन्हा ऐक."

मी ऐकल्या. आधी उतरवताना शब्दांवर लक्ष होतं, या वेळी बोलणं कुठे तुटतंय ते ऐकलं. "काही जण आत गेले," असं कोणी म्हणालं की मागोमाग "तुला ठाऊकच आहे", आणि मग कपबशीचा आवाज. मान डोलावलेली टेपवर येत नाही. टेपवर फक्त येतं की बाई थांबली आणि मी काहीही विचारलं नाही. आत गेले म्हणजे संप फोडून गिरणीत कामाला गेले, एवढं मला कळत होतं. कोण गेले, हे मी कोणालाही विचारलं नव्हतं. दादरची मुलगी ते पहिल्याच दिवशी विचारून मोकळी झाली असणार.

टेप ऐकताना मग जुन्या गोष्टी एकेक वर यायला लागल्या. वडील गावाहून परत आले तेव्हा त्यांनी काहीच आणलं नव्हतं. ना तांदूळ, ना आमसुलं. गावाहून येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, यंदा तिकडे काही पिकलं नाही. आमच्या घरी हळदीकुंकू कधी झालं नाही. "आमच्यात नाही करत," असं आई म्हणायची आणि मी सासरीही तसंच सांगितलं होतं. गणपतीचा प्रसाद आमच्या दाराच्या कट्ट्यावर ठेवून मुलं पळायची. हातात कोणी देत नसे.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. टेपरेकॉर्डर नेला नाही. काकू मासे साफ करत होत्या.

"काकू, बाबा गावी गेले नव्हते ना?"

त्यांचा हात थांबला नाही. "त्या चष्मेवालीने सांगितलं?"

"नाही. तिने काही सांगितलं नाही. मी तिच्या पाया पडायची बाकी होते."

"मग कित्याक विचारतेस? बापूस गेला तुझा. मेलेल्या माणसाचं काय काढायचं."

"आई जेवत नाही, काकू."

आता हात थांबला. "कधीपासनं?"

"झाले बरेच महिने. डबा मोरीत ओतते."

काकूंनी कोयती बाजूला ठेवली, हात धुतले आणि पदराला पुसत बसल्या. मग सांगितलं. वडील आत गेले होते. गिरणीने आतच राहायची-जेवायची सोय केली होती, बाहेर आले तर मार बसला असता म्हणून ते कित्येक महिने आतच होते. मजल्यावर ठरलं, या घराशी बोलायचं नाही, यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, यांना काही द्यायचं नाही. फक्त मुलीला यात घ्यायचं नाही. मुलीला जेवायला घालायचं आणि तिला बाप गावी गेलाय असं सांगायचं. हे सगळ्यांनी पाळलं, चाळीतल्या पोराटोरांनीसुद्धा.

"मुलाचं ताट कोण तोडतो?" काकू म्हणाल्या.

"आणि आईचं?"

त्यांनी कोयती पुन्हा हातात घेतली.

"नंतर तर सगळेच आत गेले ना, ज्यांना घेतलं ते?"

"गेले. आमचे तर गेटवर उभे राहून राहून घरी आले, त्यांना घेतलंच नाही."

"मग आईशी बोलायला का नाही लागलात?"

काकूंनी जरा विचार केला. टाळायचा नाही, खराच. "संप मिटला असं कोणी सांगितलं कुठे, बाय? इतर वेळी युनियन सांगते, संप मागे घेतला. मग सगळं मागे घेता येतं. हा संप कोणी मिटवलाच नाही. मग आम्ही बोलणं कुठल्या दिवशी चालू करणार? आज करू, उद्या करू. मग सवय झाली. तुझी आई पण समोर आली की मान फिरवायची. ताठ बाई."

"मला कोणी सांगितलं नाही. मी टेप घेऊन दारोदार फिरले."

"माहेरवाशीण दारात येते, तिला बापाचं कोण सांगतं? चाय द्यायची, चार बरे शब्द बोलायचे. तू मशीन आणलंस म्हणून काय ती रीत बदलते?"

मी म्हटलं, "तुम्ही ताट घेऊन चला. तुमच्या हातचं तिला वाढा."

"ती घेणार नाय."

"चला तरी."

त्या दिवशी काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं. एका ताटात भात आणि तिखलं, वर दुसरं ताट झाकण. जिन्यापासून टोकाच्या खोलीपर्यंत त्या पुढे आणि मी मागे. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, कोणी काही बोललं नाही. आई खाटेवर बसली होती. काकूंना उंबऱ्यात पाहून तिने पदर सारखा केला. काकूंनी झाकण काढलं. खोलीभर तिरफळांचा वास सुटला.

"जेव," काकू म्हणाल्या.

आईने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरीला दे."

पोर म्हणजे मी. माझी स्वतःची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. तरी काकूंनी सवयीने ताट माझ्यापुढे ठेवलं. मी हात लावला नाही.

"तू घे गो," काकू आईला म्हणाल्या.

"संप मिटला काय?" आईने विचारलं.

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"नाय," काकू म्हणाल्या. "माझ्यापुरता मिटवते."

"तुझ्या एकटीच्या मिटवण्याने मिटतो?"

काकू निघून गेल्या. ताट तसंच राहिलं. मी आईला विचारलं, "एवढं सोसलंस, मग ही खोली का सोडली नाहीस?"

"सोडली असती तर म्हणाले असते, पळाली. तुझ्या वडिलांना जायचं नव्हतं. मी पाठवलं." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "तू जेवून घे. थंड होईल."

मी जेवले. तिच्या पाठीमागे बसून सगळं ताट संपवलं, कारण टाकलं असतं तर तेही मोरीत गेलं असतं. मी मानसशास्त्रात जे काही शिकले होते त्यातलं त्या वेळी काही कामाला आलं नाही. कारण कळलं होतं आणि उपाय नव्हता.

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा दार उघडं होतं आणि काकू आमच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. हातात काही नव्हतं. त्यांचं एकच चाललं होतं. "चाय टाक म्हणते ना. घसा सुकला माझा. घरात आलेल्या माणसाला पाणी पण देत नाहीस, ही कुठली पद्धत?"

आई खाटेवर बसून ऐकत होती. त्या घरचं पाणी संपापासून चाळीतल्या कोणी प्यायलं नव्हतं. काकू द्यायला आल्या होत्या तेव्हा तिने घेतलं नव्हतं. आता त्या मागत होत्या. आई भिंत धरून उठली. मी पुढे झाले तर हाताने मागे सारलं. स्टो पेटवायला तिला तीनदा काडी ओढावी लागली. डब्यात चमचा घालून तिने मागे न बघता विचारलं, "साखर किती?"

"बंद केली. डायबेटिस झालाय."

"कधी?"

"झाली वर्षं."

आईने भरलेला चमचा रिकामा केला. मग चमचा परत डब्यात ठेवला. बिनसाखरेचा चहा केला, कपात ओतला, आणि उरलेला स्वतःसाठी बशीत घेतला. तो ती प्यायली. त्याबरोबर मी एक टोस्ट पुढे केला. तो अर्धा खाल्ला.

यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. काकू रोज यायला लागल्या, दुसऱ्या कोणी आल्या नाहीत. आई चहा प्यायची, कधी टोस्ट, कधी दोन घास भात. पण शरीर फार मागे गेलं होतं. पुढच्या गणपतीपर्यंत ती राहिली नाही. डॉक्टरने कागदावर हृदयाचं काहीतरी लिहिलं. जायच्या आधी तिने मला बजावलं होतं, "तुझ्या त्या पुस्तकात हे घालू नकोस. चाळीचं नाव खराब होईल."

मी घातलं नाही. आमच्या चाळीच्या सगळ्या मुलाखती प्रबंधातून काढल्या, आणि स्वतःबद्दलच्या पानावरचं ते वाक्यही काढलं. त्या जागी लिहिलं की एका चाळीतल्या स्त्रियांनी मला संशोधक म्हणून नव्हे, माहेरी आलेली मुलगी म्हणून उत्तरं दिली, आणि प्रश्नही मी तसेच विचारले. परीक्षकांना ते पान अपुरं वाटलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, राहू दे. दादरच्या मैत्रिणीने तिच्या टेप मला कधी दिल्या नाहीत आणि मीही पुन्हा मागितल्या नाहीत.

आता चाळ नाही. काकूही नाहीत. त्या शेवटपर्यंत विचारायच्या, आईला नक्की काय झालं होतं गो? तू तर त्यातली शिकलेली. मी म्हणायची, काकू, तुम्हाला ठाऊकच आहे. त्या मान हलवायच्या आणि विषय बदलायच्या.